फाटकाबाहेरची रांग

स्वातंत्र्यदिनाच्या समारंभाला यंदा गावातल्या माजी सैनिकांना बोलावणंच नव्हतं. पास संपले म्हणे. तरी ते आले. कोटावर पदकं लावून मैदानाच्या फाटकाबाहेर, उन्हात, एका रांगेत उभे राहिले. घोषणा नाहीत, फलक नाही.

माझ्याकडे पास होता. आत जाता जाता मी थबकले, कारण त्यांच्या रांगेत मध्ये मध्ये एकेका माणसाची जागा मोकळी सोडलेली होती.

"आजोबा, जरा सरकून उभे राहा ना, पाहुण्यांच्या गाड्या यायच्यात," बंदोबस्तावरचा पोलीस अजिजीनं म्हणाला.

"सरकता येत नाही," टोकाचे म्हातारे सुभेदार नजर न हलवता म्हणाले. "इथं धोंडीराम उभा राहायचा. गेल्या पावसाळ्यात गेला."

आत पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर पाहुण्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या होत्या. निम्म्या खुर्च्यांवर चिठ्ठ्याच बसलेल्या. राष्ट्रगीत सुरू झालं. तेव्हा वळून बघू नये, पण मी पाहिलं. गजांपलीकडे अकरा म्हातारे ताठ उभे होते. माणसांपेक्षा सोडलेल्या जागाच जास्त दिसत होत्या.

गेलेल्याची जागा राखायलाही शेजारी कुणीतरी जिवंत उभं असावं लागतं. मी मात्र पास घट्ट धरून सावलीत उभी होते.

आणखी चार-दोन वर्षांनी फाटकापाशी सगळीच जागा मोकळी होईल. मग गाड्यांना काही अडचण होणार नाही.