आष्टी ते लातूर, चमचाभर साखरेपायी

आष्टीच्या माणसाला मोठा डॉक्टर लागला की तो नगरची गाडी धरतो. मी मात्र बसस्थानकावर उभा राहून नगरच्या दोन गाड्या डोळ्यांसमोरून जाऊ दिल्या आणि उलट्या दिशेची, मांजरसुंब्याकडची पकडली. आमच्या भागात दवाखाना आजार बघून ठरत नाही, ओळख बघून ठरतो. आणि ओळख होती नांदूरघाटच्या दाजींची, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची. लातूरचे एक डॉक्टर त्यांच्या मळ्यात एकदा हुरडा खाऊन गेले होते. एवढ्या भांडवलावर मी अख्खा बीड जिल्हा आडवा ओलांडायला निघालो.

आजार म्हणाल तर रोज संध्याकाळी येणारा ताप. दिवाळीपासून तो पाहुण्यासारखा येत होता आणि पाहुण्यासारखाच माझं खाऊन जात होता. कमरेच्या पट्ट्याला नवी भोकं पाडून झाली. रक्त झालं, थुंकी झाली, छातीचे फोटो झाले. डॉक्टर म्हणायचे, शरीरात कुठेतरी सूज आहे, पण कुठे ते सापडत नाही. गावाला मात्र सापडलं होतं. लग्नात माईकवर बोलणं हा माझा धंदा. हल्ली लोक पुढच्या महिन्याचं लग्न सांगायला येत आणि माझ्याऐवजी भिंतीकडे बघून विचारत, "जमेल ना?" मीही मनातून धरून चाललो होतो की गाठच असणार.

पाटोदा मागे पडलं तशी दोन्हीकडची रानं उघडी होत गेली. ऊसतोडीला गेलेल्यांच्या घरांना कुलपं होती, दारात म्हातारी माणसं आणि शेळ्या. ऊन उतरताना नांदूरघाटला पोचलो, तर अक्काने पुरणाचा घाट घातलेला. मला डॉक्टरांनी फोनवर बजावलं होतं की तपासणीच्या आदल्या दिवशी गोड, भाकरी, भात, काही नको. ते ऐकून अक्का चुलीपुढे अशी बसली, जणू मीच तिला उपाशी ठेवलं होतं. शेवटी शेजारी मटण शिजत होतं ते मागवलं. येसर (भाजून दळलेला मसाला) घातलेला लालभडक रस्सा, आणि भाकरी नाही. मराठवाड्यात याला जेवण म्हणत नाहीत, शिक्षा म्हणतात.

जेवताना मी दाजींना तपासणी समजावून सांगितली. शिरेतून साखरेसारखं एक औषध सोडतात, त्यात थोडे किरण मिसळलेले असतात. शरीरात जिथे सूज किंवा गाठ धगधगत असते, तिथे ते जास्त ओढलं जातं. मग मोठ्या यंत्रात निजवून फोटो काढला की तेवढी जागा उजळलेली दिसते.

दाजी ऊसवाले. म्हणाले, "म्हंजी कारखान्यासारकं. जितं बायलर पेटलाय, तितं गाड्यांची लाईन."

इतकं सोपं मला डॉक्टरांनीही सांगितलं नव्हतं.

सकाळी उपाशीपोटी निघालो. उंबऱ्यात अक्का उभी, हातात वाटी. मोठ्या कामाला निघणाऱ्याच्या तळहातावर दही-साखर ठेवायची, ती त्याने चाटायची आणि मागे न बघता जायचं, ही आमच्या घरची रीत. मी म्हटलं, "अक्का, आज साखर चालत नाही."

"चमचाभर तं हाय. शकुनाची साखर पोटात जाती व्हय, ती नशिबात जाती."

याला वैद्यकशास्त्रात उत्तर नाही. मी तळहात पुढे केला, तोंडाशी नेला, डोळे मिटले, चवीने मान हलवली. आयुष्यभर मंचावर उभा राहिलेला माणूस मी. वळताना दही रुमालात आणि रुमाल पँटच्या खिशात. आपण फार हुशार असल्याचा आनंद मला केजपर्यंत पुरला. तिथे दही रुमालातून मांडीवर उतरलं.

केजच्या पुढे दाजींची जीप बंद पडली. मी उतरायला लागलो तर दाजींनी दार दाबून धरलं. तपासणीआधी अंगमेहनत नको, नाहीतर साखर स्नायूंत जाते, हे त्यांनी माझ्यापेक्षा चांगलं लक्षात ठेवलं होतं. रस्त्याने जाणारे दोघेतिघे ढकलायला आले. मी आत ताठ बसलेला. एकजण धापा टाकत म्हणाला, "आत कोन बसलंय बे, आमदार हाय का?" मी खिडकीतून हात जोडले. मतदारांशी नम्र असावं.

लातूरच्या केंद्रात परिचारिकेने आधी बोट टोचून रक्तातली साखर बघितली, मग माझ्या पँटवरचा पांढरा डाग बघितला. साखर बरोबर निघाली. डागाबद्दल तिने विचारलं नाही आणि मी आयुष्यात पहिल्यांदा खुलासा केला नाही. इंजेक्शन देऊन तिने मला पडद्याआडच्या खुर्चीत निजवलं आणि सांगितलं, "आता तासभर पडून राहायचं. हलायचं नाही, मोबाईल नाही, बोलायचं अजिबात नाही."

मी पडून राहिलो. छत पांढरं होतं. त्याच्याविषयीही बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण मी तोंड मिटून धरलं. तेवढ्यात पडद्याच्या पलीकडून म्हाताऱ्याचा आवाज आला. परळीचा होता. तिथल्या वीजकेंद्राच्या राखेतच जन्म गेला, म्हणाला. मी गप्प. मग त्याने विचारलं, "इतून मानसं माघारी जातेत का?"

आता सांगा, याला गप्प कसं राहायचं? मी हळूच म्हटलं, "जातात की बाबा." त्यावर तो म्हणाला, "तुमी कावून आलाव?" आणि मग माझं धरण फुटलं. दही सांगितलं, आमदारकी सांगितली, एका लग्नात वीज गेल्यावर चुकीच्या नवरदेवाच्या गळ्यात पडलेला हार सांगितला. म्हातारा खुर्ची हलेपर्यंत हसला. परिचारिका आली तेव्हा आम्ही दोघेही डोळे मिटून मेल्यासारखे पडलो होतो.

मग यंत्र. मोठ्या कड्यातून मला आत सरकवलं. तिथे मात्र एकट्यानेच पडायचं होतं आणि हसवायला कोणी नव्हतं. आता जे काही असेल ते उजळणार, एवढंच मनात येत होतं.

निघताना सांगितलं की आजचा दिवस गरोदर बाई आणि लहान लेकरांपासून लांब राहा, अंगात किरण आहेत. अक्काची सून गरोदर. म्हणून माझी रवानगी थेट आखाड्यावर (शेतातला गोठा आणि खोली). संध्याकाळी अक्का तिथे धपाटे घेऊन आली, ताट बांधावर ठेवून मागे सरकली आणि माझे कपडे काठीवर उचलून धुवायला घेऊन गेली. दूध काढायला आलेला गडी म्हणाला, "रातीला उजेड पडंल का व तुमचा?"

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांचा फोन दाजींच्या मोबाईलवर आला. दाजींनी आवाज मोठा केला. दाराला टेकून अक्का उभी होती. मी बाजेवर बसलो.

"गाठ कुठेच नाही," डॉक्टर म्हणाले. "छातीतली मोठी रक्तवाहिनी आहे ना, तिच्या भिंतीला सूज आहे. जुनाट आजार आहे, पण गोळ्यांनी आटोक्यात येतो. बरेच महिने घ्याव्या लागतील आणि त्या गोळ्यांवर साखर जपून खावी लागेल. आणखी एक. यांचा गळाही फोटोत उजळलाय. सूज नाही ती. इंजेक्शननंतर बोलत होते का?"

दाजी म्हणाले, "डॉक्टरसाहेब, ते जल्मल्यापास्नं बोलतंय."

मी इतका हसलो की डोळ्यांतून पाणी आलं. ते हसण्याचंच होतं, असं मी दाजींना सांगितलं.

सकाळी परतीच्या वाटेला लागलो, तर अक्का पुन्हा उंबऱ्यात, हातात तीच वाटी. जवळ येऊन, दाजींना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "रुमाल मीच धुतला रं."

मला तोंड वर करवेना.

"फोन येस्तोवर जिवात जीव नव्हता. म्हनलं, शकुन सांडला. मग तुज्या वाटचं दही मीच खाल्लं. तुज्या नावानं."

अक्काला कैक वर्षांचा मधुमेह आहे.

तिने माझ्या तळहातावर दही ठेवलं, वर साखरेची चिमूट टाकली आणि मनगट धरून ठेवलं. घशाखाली उतरेपर्यंत सोडलं नाही. लातूरच्या त्या यंत्राने माझ्या अंगातलं सगळं हुडकून काढलं होतं, आणि त्याच्याही आधी अक्काने माझ्या खिशातलं. मला तिला पुष्कळ काही सांगायचं होतं. पण तोंड भरलेलं होतं. मी मागे न बघता गाडीत बसलो आणि मांजरसुंब्यापर्यंत एक शब्द बोललो नाही.