उन्हाळा संपला की येते

बाम्गोल गावातल्या बायका म्हणायच्या, की बाकीच्यांच्या घरचा उन्हाळा जेवतो, हात धुतो आणि निरोप घेऊन जातो. गुर्येवालीच्या घरचा मात्र उंबऱ्यापर्यंत जातो आणि काहीतरी विसरल्याचं निमित्त करून पुन्हा पानावर येऊन बसतो.

त्या वर्षी हे बोलणं जरा जास्तच झालं, आणि त्याला कारणही होतं. चोसोचा, म्हणजे उन्हाळा सरल्याचा दिवस उलटून तीन आठवडे झाले होते. चोसो उलटला की डासाचंही तोंड वाकडं होतं, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. घरोघरी अंगणात मिरच्या लाल चादरीसारख्या पसरल्या होत्या, तिळाच्या पेंढ्या भिंतींना टेकून उभ्या होत्या. गुर्येवालीच्या चौकटींत मात्र अजून जाळीचे पडदे हलत होते. कागदाची दारं कोठीत एकावर एक रेलून पडली होती, ओसरीवर बांबूची चटई तशीच होती, आणि त्या चटईवर खळ दिलेला पातळ सदरा घालून ती स्वतः पंख्यानं वारा घेत बसलेली असे. गार वाऱ्यात वारा घेणारी बाई लोकांनी पहिल्यांदाच पाहिली.

तिचं नाव प्यो ओकदान. पण ते नाव दवाखान्याच्या कागदावरच काय ते उरलं होतं. विसाव्या वर्षी गुर्येहून लग्न होऊन ती या गावात आली, आणि एकोणपन्नास वर्षं झाली तरी गावाच्या लेखी ती गुर्येवालीच राहिली.

पूर्वी गोष्ट अगदी उलट होती. सोमजिन नदीवर सकाळचं धुकं धरू लागलं, की शरद ऋतू आधी गुर्येवालीच्या अंगणात उतरतो आणि मग इतरांकडे जातो, असं म्हणत. दाराला नवा कागद लावावा तर तिनेच. उन्हाळ्यात फाटलेला, माशांनी डागाळलेला जुना कागद पाण्यानं भिजवून काढायचा, लाकडी जाळी घासून धुवायची, गव्हाच्या पिठाची खळ शिजवायची आणि तुतीच्या सालीचा पांढरा कागद त्यावर चढवायचा. दार उघडताना जिथे हात लागतो तिथे कागद दुहेरी लावतात. त्या दोन थरांमध्ये ती पानं-फुलं ठेवी. बांबूचं पान, कॉसमॉसच्या पाकळ्या, तेरडा. हिवाळाभर रोज सकाळी ऊन दारावर आलं, की सरलेला उन्हाळा तिथे तळहाताएवढा उजळून निघे. मुलगी बोयंग जन्मली त्या वर्षी दारात आठ पाकळ्यांचं अख्खं फूल होतं. नवरा गेला त्या वर्षी नुसती पानं.

मग यंदाच काय झालं? झालं ते जानेवारीत. ओसरीवरून सोयाच्या रसाच्या रांजणाकडे जाताना दवाच्या बर्फावरून तिचा पाय सरकला. मनगट मोडलं. शेजारची दाल्सूची आई वाटीभर तीळ मागायला आली म्हणून बरं. तोवर अर्धा तास ती अंगणात आभाळाकडे बघत पडून होती. बोयंग सोलहून आली, बारा दिवस राहिली. आईचे केस रोज तिनंच धुतले. त्यानंतर दर रविवारी फोनवर एकच विषय.

"आई, चौदाव्या मजल्यावर बर्फ नसतो."

"मातीही नसते."

"तुझी खोली रिकामी ठेवलीय. खिडकीतून डोंगर दिसतो."

"लांबून दिसतो ना. मग इथून पण दिसतो."

असं होता होता मे महिन्यात एकदा पोरीचा आवाज फोनवर भरून आला. ते गुर्येवालीला सोसेना. ती म्हणाली, "बरं बाई. उन्हाळा संपला की येते." मे महिन्यात उन्हाळा नुकता कुठे लागत असतो, त्याचा शेवट फार दूर. लांबच्या नातलगाला आमंत्रण द्यावं तसं सहज तिनं ते म्हटलं.

आणि म्हणून तो संपू द्यायचा नाही, असं तिनं ठरवलं. ठरवलं म्हणजे मनाशी बोलूनही नव्हे. एके दिवशी दारं कोठीतून काढायला गेली आणि हात मागे आला. जो माणूस घर सोडणार असतो, तो दाराला नवा कागद लावत नाही, ही गावची रीत. कागद लावला तर मुलीला दिलेला शब्द मोडला. नाही लावला तर घर सोडलं. मधली वाट एकच होती, अजून उन्हाळा आहे असं धरून चालायचं.

खोटं सांगायचं तर हे दिवस वाईट होते असं म्हणता येईल. खरं म्हणजे असे दिवस तिच्या आयुष्यात कधी आलेच नव्हते. एरवी या दिवसांत मिरच्या, तीळ, सणाची तयारी, यांत श्वास घ्यायला फुरसत नसे. यंदा काही आवरायचंच नाही म्हटल्यावर दुपारी ती चटईवर आडवी होई. रिकाम्या चौकटीतून अंगण सरळ आत येई. लाल चतुर वाळत घातलेल्या सदऱ्याच्या खांद्यावर बसत आणि उडत. पर्सिमनच्या झाडाची सावली ओसरीवर चढायला लागली होती. जुलैत ती पायरीपाशीच थांबे. आता रोज एक फळी पुढे येई आणि तिच्या पावलांपर्यंत पोचे. डोळे मिटले की विहिरीत सोडलेलं कलिंगड पाण्यावर गोल फिरताना दिसे, सासूबाईंचा पंखा दिसे, नदीत गुडघाभर पाण्यात उभा असलेला नवरा दिसे. कुठलं कधीचं, याचा हिशोब न ठेवता सगळे उन्हाळे एकाच दुपारी ओसरीवर येऊन निजत. तिला वाटे, असंच राहावं. पुढेही नाही, मागेही नाही.

फक्त पहाटे गारठून जाग येई. घराची जमीन खालून तापवणारी चूल पेटवली तर उन्हाळा संपलाच म्हणायचा. म्हणून ती दोन पांघरुणं घेई आणि शिंकत राही.

"आई, तिकडे गार पडलं का गं?" बोयंगनं विचारलं.

"छे. नुसता उकाडा. झाडावर सिकाडा किडे कोकलतायत, ऐकू येत नाही का?"

"नाही येत."

"तुमच्या सोलच्या फोनलाच काहीतरी झालंय," ती म्हणाली आणि तोंडावर हात धरून शिंकली.

दुसऱ्याच दिवशी दाल्सूची आई आली. चपला पायरीच्या दगडावर काढल्या, ओसरीवर बसली, आणि चटईचा गारवा लागताच उठून कठड्यावर बसली.

"आक्का, एक बोलू का? राग मानायचा नाही."

"राग येईल असंच बोलणार आहेस. बोल."

"तुझा मोठा रांजण. तो सोलला काही चौदाव्या मजल्यावर जायचा नाही. गावात आणखी कुणी मागायच्या आत म्हटलं आपण बोलून ठेवावं. आणि पर्सिमन यंदा कोण उतरवणार, तेही ठरवून टाकू."

"मी जातेय असं तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? छुसोकचा सण दहा दिवसांवर आलाय आणि तुझी दारं कोठीत. गावात सगळ्यांना दिसतंय. वरच्या आळीतल्या मास्तरीणबाई तर तुझ्या पाट्यावर डोळा ठेवून आहेत. त्यापेक्षा मी बरी, मी निदान रोज तुझी आठवण काढीन."

उन्हाळा धरून ठेवला म्हणजे घर धरून ठेवलं, असा गुर्येवालीचा समज होता. आणि गावानं मात्र तिच्या उघड्या चौकटी पाहून घर रिकामं झाल्याचं मनाशी पक्कं करून टाकलं होतं. तिची चूक तिला अशी रांजणाच्या निमित्तानं दाखवली गेली. तिनं हातातला पंखा खाली ठेवला, तेव्हा नजर नखांवर गेली.

जुलैत या दोघींनीच मिळून तेरड्याची फुलं तुरटीबरोबर वाटली होती आणि रात्रभर बोटांना पानं बांधून नखं रंगवली होती. तेव्हा नख मुळापासून टोकापर्यंत लाल होतं. आता मुळाकडून पांढरं वर सरकत आलं होतं आणि लाल अर्ध्यावर उरलं होतं. दहाही बोटांवर अर्धाअर्धा चंद्र. चटई तिनं उचलली नव्हती, पडदे काढले नव्हते, पण नखं आपली वाढत राहिली होती.

"आक्का, ऐकतेयस ना? रांजणाचं काय?"

"घरी जा," गुर्येवाली म्हणाली. "आणि जाता जाता ते कोठीचं दार ढकलून जा, पुरतं उघडत नाही ते."

त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस तिनं काम केलं. दारं अंगणात आणली. पाण्यानं भिजलेला जुना कागद हाताखाली सायीसारखा सुटत गेला, आणि त्यातून गेल्या वर्षीची बांबूची पानं ओघळून बाहेर आली, वर्षभर दारात राहूनही शाबूत. ती तिनं टाकली नाहीत; अळवाच्या पानावर बाजूला ठेवली. मनगट दुखे तेव्हा थांबे. थांबली की वाऱ्यात धुराचा वास येई, कुणाच्या तरी शेतात वाळका पाला जळत असे. रिकामी जाळी उभी करून तिच्या चौकोनांतून तिनं गाव पाहिलं. प्रत्येक चौकोनात थोडं थोडं. एकात मिरच्या, एकात नदी, एकात दाल्सूच्या आईची मान, कुंपणावरून वर आलेली.

खळ शिजली. कागद चढला. तोंडात पाणी घेऊन तिनं कागदावर बारीक फवारा मारला, नवऱ्यासारखा एकसारखा तिला कधी जमला नाही, आणि चारी दारं सावलीत भिंतीला टेकवली. ओला कागद सैल, सुरकुतलेला असतो. वाळता वाळता तो आपोआप ताणला जातो. गुर्येवाली समोर बसून त्याचं ताणलं जाणं ऐकत राहिली. ऐकू येतं ते, कान दिला तर. मग चूल पेटवली. जमीन हळूहळू गरम झाली. ती भिंतीला पाठ टेकून तिथेच झोपली, आणि त्या झोपेत उन्हाळा कधी उठून गेला ते तिला कळलं नाही.

सणाच्या दोन दिवस आधी बोयंग आली. गाडीची मागची बैठक दुमडलेली, तिथे रिकाम्या पेट्या. अंगणात आली आणि थबकली. तीन दारं चौकटीत बसली होती. चौथं अजून भिंतीला टेकून होतं; त्याचा हाताच्या जागेचा दुहेरी कागद तेवढा राहिला होता. ती याच घरात वाढलेली. तिला काही सांगावं लागलं नाही.

"आई."

"आलीस? जेवलीस का?"

"तू म्हणाली होतीस, उन्हाळा संपला की येते."

"म्हणाले होते."

"मग हे काय?"

गुर्येवालीनं खळीचा वाडगा खाली ठेवला. निमित्तं तिनं मनात पुष्कळ जुळवली होती. कागद फार फाटला होता, सणाला घर बरं दिसावं, विकायचं झालं तरी दारं चांगली हवीत. मुलीचा चेहरा पाहिल्यावर एकही तोंडातून निघेना.

"खोटं बोलले," ती म्हणाली. "तुला रडू येत होतं म्हणून. सिकाडांचंही खोटंच. मला यायचं नाही, बाई. मेमध्येच सांगायला हवं होतं."

बोयंग पायरीवर बसली. "तू तिथे पडली होतीस," ती रांजणांच्या ओट्याकडे बोट दाखवून म्हणाली. "मी रोज तिथे तुला पडलेली बघते. ऑफिसात बसून बघते."

गुर्येवाली मुलीशेजारी बसली. पर्सिमनची सावली दोघींच्या पायांवर होती.

"मी पण बघते," तिनं सांगितलं. "पण मी त्यानंतरचंही बघते. उठलेली. तू ते बघितलेलं नाहीस."

दुपार तशीच गेली. मग बोयंग उठली, आत गेली, आणि आपल्या शाळेतल्या जुन्या फोटोची चौकट घेऊन आली. फोटो काढून ठेवला, काच धुतली. चौथ्या दाराच्या कागदात, बसल्यावर डोळे येतात त्या उंचीला, तिनं पुस्तकाएवढा चौकोन कापला आणि काच बसवली. पूर्वी गावात अशा काचा असत. दार न उघडता अंगणात कोण आलं, बर्फ पडला का, ते बघायला.

"आधी इथून बघायचं. पांढरं दिसलं तर बाहेर पाय टाकायचा नाही. आणि खांबापासून रांजणापर्यंत मी दोर बांधतेय, तो धरूनच जायचं. दाल्सूच्या आईला सांगते, रोज सकाळी बाहेरून डोकवायला. यातलं एकही नको म्हणालीस, तर उद्या तुला पेटीत घालून नेते."

"नको कुठे म्हणतेय? काच वाकडी लागलीय तेवढी."

"लागू दे."

हाताच्या जागेचे दोन थर मात्र आईनंच लावले. मध्ये गेल्या वर्षीचं एक बांबूचं पान, यंदाचा तेरडा, आणि बोयंगनं कुंपणावरून तोडून आणलेलं कॉसमॉस. दार चौकटीत बसवलं तेव्हा ऊन कलतं होतं. कागदावर आधी झाडाची फांदी उमटली आणि मग ती सावकाश वर सरकली.

कुंपणापलीकडून दाल्सूच्या आईनं हे सगळं पाहिलं होतंच. शेवटी तिला राहवेना.

"आक्का, मग उन्हाळा संपला की नाही, ते तरी सांग. मी रांजणाची आशा ठेवू की सोडू?"

गुर्येवालीनं मागे वळूनही पाहिलं नाही. "संपला," ती म्हणाली. "रांजण माझाच आहे, आणि उद्यापासून डोकवायला येशील तेव्हा नाक पुसून ये. काच नवी आहे."