पर्शिया म्हटलं की तोंड उघडतं

दातांच्या दवाखान्यात किस्से फार साठतात. कारण साधं आहे. खुर्चीतल्या माणसाचं तोंड उघडं असतं, त्यामुळे त्याला बोलता येत नाही. आमची तोंडं मास्कमागे असतात, त्यामुळे आम्हाला गप्प बसवत नाही. दिवसभरात एवढं काही कानावर पडतं की घरी जाऊन सांगायला बसलं तर जेवण गार होतं.

लंडनमधल्या नॉर्थ फिंचलीतली आमची प्रॅक्टिस छोटी आहे. वर दोन खोल्या, खाली रिसेप्शन. एका खोलीत मी, शुभा चिटणीस, मूळची पुण्याची. दुसऱ्या खोलीत फरहाद, तेहरानचा. आणि खाली रिबेका मावशी. मावशी भायखळ्यात वाढलेल्या, मराठी बोलणाऱ्या ज्यू. लंडनला येऊन त्यांना माझ्या वयाइतकी वर्षं झाली असतील, पण त्यांचं मराठी अजून तिथलंच आहे. त्यांच्या मुलांना ते समजतं, बोलता येत नाही. म्हणून मावशी माझ्याशी बोलून घेतात.

*

फरहाद इंटरव्ह्यूला आला तेव्हा दारावरची माझी पाटी वाचत उभाच राहिला.

"चिट-नीस," तो म्हणाला. "हे नेवीस आहे ना? आमच्या भाषेत नेवीस म्हणजे लिहिणारा. तुझे पूर्वज चिठ्ठ्या लिहीत असणार. म्हणजे अर्धी आमचीच आहेस तू."

मला इतकं बरं वाटलं की पुढे काय प्रश्न विचारायचे होते ते मी विसरले. मावशी चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी माझ्या टेबलावरच्या नोट्सकडे बोट केलं आणि त्याला म्हणाल्या, "लिहिणारी? आधी हिचं अक्षर बघ, मग नातं जोड."

नोकरी त्याला तिथल्या तिथे मिळाली.

*

नवीन पेशंट खुर्चीत बसला की हमखास विचारायचा, "तुम्ही मूळचे कुठले?"

फरहाद सांगायचा, "पर्शिया."

मग गालिचे, मांजरी, केशर, कुणाच्या तरी आजोबांनी पूर्वी केलेला प्रवास, सगळं छान चालायचं. एकदा मी त्याला म्हटलं, "अरे, या नावाचा देश आता नकाशावर नाही. सरळ इराण म्हण की."

"आधी तेच म्हणायचो," तो म्हणाला. "पर्शिया म्हटलं की तोंड उघडतं. इराण म्हटलं की मिटतं. आणि मला, शुभा, कामासाठी तोंड उघडं लागतं."

*

आमच्या नर्सच्या निरोपाच्या जेवणासाठी फरहादने जवळच्याच दुकानातून कबाब मागवले आणि पैसे ऑनलाइन पाठवले. पैसे कशाचे, त्या रकान्यात त्याने लिहिलं, 'तेहरान कबाब'. दुकानाचं नावच तसं काहीसं होतं.

दुसऱ्या दिवशी बँकेचा फोन आला. फरहादने तो स्पीकरवर टाकला. पलीकडची मुलगी फार नम्र होती.

"हा माल इराणमधून येणार आहे का?"

"नाही. हाय रोडवरून. लॉन्ड्रीच्या शेजारून."

"मालाचं स्वरूप सांगू शकाल का?"

"मटण, कांदा, भाजलेले टोमॅटो."

"आणि उद्देश?"

"लंच."

बराच वेळ टाइप केल्याचा आवाज आला. गोठवलेलं खातं परत सुरू व्हायला काही दिवस लागतील, म्हणाली. फोन ठेवल्यावर मावशी म्हणाल्या, "पुढच्या वेळी फिश अँड चिप्स लिही."

आम्ही पोटभर हसलो. फरहादही हसला. मग कप विसळता विसळता म्हणाला, "वडिलांच्या वेळी काय लिहायचं तेच सुचलं नव्हतं."

त्याच्या वडिलांना कॅन्सर झाला होता. तिकडे ते औषध मिळेनासं झालं. इराणवरच्या निर्बंधांत औषधं येत नाहीत असं कागदावर आहे, पण तेहरानचं नाव दिसलं की एकही बँक पैसे पुढे सरकवायला तयार होईना. शेवटी कोण तिकडे निघालंय ते शोधून ओळखीपाळखीच्या लोकांच्या बॅगांतून त्याने औषध पाठवलं. दुसरी खेप पोचली तेव्हा वडील नव्हते.

"मग त्या औषधाचं काय केलं?" मावशींनी विचारलं.

"आईनं त्याच वॉर्डातल्या दुसऱ्या माणसाला दिलं," तो म्हणाला. "तो अजून आहे. नवरोजला फोन करतो मला."

*

त्याची आई निवृत्त शिक्षिका. तेहरानमध्ये एका जुन्या इमारतीत एकटी राहते. तिकडे महागाई अशी की पेन्शनचा आकडा दर वर्षी फुगतो आणि बाजारातून आणलेली पिशवी दर वर्षी हलकी होते. अर्थात हे फरहाद सांगायचा. आई कधीच काही सांगायची नाही.

बुधवारी लंचच्या सुट्टीत तिचा व्हिडिओ कॉल असायचा. आम्ही दोघी मागून हात हलवायचो. कॉल सुरू झाला की ती आधी कॅमेरा टेबलाकडे फिरवायची. काचेच्या मोठ्या भांड्यात डाळिंबं, द्राक्षं, संत्री रचलेली असायची. बघा, सगळं आहे घरात, असं सांगायची तिची ती रीत. फरहाद न चुकता "वा वा" म्हणायचा.

एकदा कॉल संपल्यावर मावशी म्हणाल्या, "फरहाद, वरच्या डाळिंबाला एक तपकिरी डाग आहे. मागच्या बुधवारीही तेच डाळिंब होतं."

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "ते भांडं आईचं नाहीच. शेजारणीचं पण नाही. दोघींनी मिळून घेतलंय."

शेजारणीचा मुलगा बर्मिंगहॅमला असतो. फरहाद आणि तो लहानपणापासूनचे मित्र. दोघं एकदा भेटले असताना आपापल्या आईचे फोटो बघत बसले आणि दोन्ही घरांत त्यांना तेच डाग पडलेलं डाळिंब दिसलं. कॉलच्या वेळेला भांडं जिना चढून एकीकडे जायचं आणि नंतर दुसरीकडे.

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? ठरवून टाकलं. त्यानं गुरुवारी फोन करायचा, मी बुधवारी. एकाच दिवशी दोघांनी केला तर बायकांची धावपळ होते."

*

आमच्या भागात इराणी पुष्कळ. वेटिंग रूममध्ये दोन म्हातारे गृहस्थ नेहमी एकाच सुमाराला यायचे आणि दात बाजूला ठेवून भांडायचे. आवाज चढायचे, हात उडायचे, एकदा तर मासिकांचा गठ्ठा खाली पडला. मावशींनी फरहादला खाली बोलावून घेतलं.

"काय चाललंय यांचं? पोलिसांना बोलवू का?"

फरहाद क्षणभर ऐकत उभा राहिला. "नको. आपल्या देशावर कुणी राज्य करायचं, यावरून भांडतायत."

"मग तिकडे जाऊन भांडायला काय होतं?"

"दोघांनाही जायला बंदी आहे," तो म्हणाला.

त्यातला एक हिवाळ्यात गेला. दुसरा त्यानंतरही आला, ठरलेल्या वेळेला. शेजारच्या खुर्चीवर कोट ठेवून बसला. बोलावल्यावर मुकाट्याने वर गेला आणि दात काढून घेऊन आला.

*

मग त्या उन्हाळ्यात युद्ध सुरू झालं.

मावशींची धाकटी बहीण मिरियम इस्रायलमध्ये अश्दोदला राहायची. नवरा गेलेला, घर तिसऱ्या मजल्यावर, आसरा घ्यायची जागा तळघरात. मावशींनी फोनवर भोंग्याचं ॲप घेतलं होतं. तिकडे भोंगा झाला की फिंचलीत रिसेप्शनच्या टेबलावर फोन कर्कश वाजायचा. आणि तिकडे भोंगा होत होता तो फरहादच्या देशातून निघालेल्या क्षेपणास्त्रांमुळे. त्याच वेळी त्याच्या आईच्या शहरावर बॉम्ब पडत होते.

पहिल्या सकाळी मी घाबरतच आत शिरले. या दोघांना एकमेकांशी काय बोलता येईल ते मला कळेना. मावशींनी वेटिंग रूममधल्या टीव्हीवर बागकामाचा कार्यक्रम लावून ठेवला होता आणि रिमोट स्वतःच्या पर्समध्ये टाकला होता.

थोड्या वेळाने फोन वाजला. फरहाद हातातलं काम ठेवून जिन्याच्या वरच्या पायरीवर आला.

"मिरियम?"

मावशी फोनकडे बघत बसल्या होत्या. बहिणीचा मेसेज यायला वेळ लागत होता. मग म्हणाल्या, "उतरली."

तो परत आत गेला. दुपारी मावशींनी त्याच्यापुढे चहा ठेवला आणि विचारलं, "आई?" त्याने नकारार्थी मान हलवली. तिकडचं इंटरनेट बंद झालं होतं, फोन लागत नव्हता.

पुढचे कितीतरी दिवस त्यांचं बोलणं एवढंच. मिरियम? उतरली. आई? नाही.

एकदा फोन लागला. फरहाद धडपडत उभा राहिला, "मामान, मामान" करत. पण पलीकडे आई नव्हती. कुठल्या तरी अनोळखी बाईचा यंत्रासारखा आवाज होता. शांत राहा, डोळे मिटा, एखादी आवडती जागा आठवा, असं ती इंग्रजीत सांगत होती. त्या दिवसांत तिकडे फोन करणाऱ्या बऱ्याच जणांना असे आवाज ऐकू येत होते. कुणाचे, का, कुणालाच कळलं नाही. त्याने ते सगळं शेवटपर्यंत ऐकलं.

"बंद का नाही केलास?" मी विचारलं.

"वाटलं, हिचं बोलून झालं की आईला देईल फोन."

*

त्याच सुमाराला मावशी आठवडाभर आल्या नाहीत. पाठ धरली आहे, असा मेसेज आला. फरहादने त्यांच्यासाठी मलम आणून माझ्याकडे दिलं.

मी डबा आणि मलम घेऊन त्यांच्या घरी गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. मावशी एका बुटक्या स्टुलावर बसल्या होत्या. हॉलमधल्या आरशावर चादर टाकली होती.

"ये, बस. कुणी गेलं की आमच्यात सात दिवस खाली बसतात."

भोंगा झाल्यावर मिरियम जिना उतरत होती. दुसऱ्या मजल्यापर्यंत आली आणि तिथेच पायरीवर बसली. शेजाऱ्यांना वाटलं, दम लागला असेल. हृदय बंद पडलं होतं. विमानं बंद होती, त्यामुळे मावशींना जाता आलं नाही. भाचीने मातीच्या वेळी फोन वर धरून ठेवला होता, त्यात मावशींना ऊन तेवढं दिसलं.

मी मलम टेबलावर ठेवलं.

"फरहादनं दिलंय?" त्यांनी विचारलं. मग मलमाची ट्यूब हातात घेऊन बराच वेळ त्यावरची अक्षरं वाचत बसल्या. "त्याला सांगू नकोस, शुभा. त्याची आई अजून लागत नाहीये. तो उगीच स्वतःच्या अंगावर ओढून घेईल."

आठवडा झाल्यावर मावशी कामावर आल्या. पाठ आता बरी आहे, असं त्यांनी फरहादला सांगितलं. ॲप काढून टाकलं होतं. बॉम्ब पडायचेही थांबले होते, त्यामुळे फोन का वाजत नाही हे त्याने विचारलं नाही.

त्यानंतर एका सकाळी रिसेप्शनचा लँडलाइन वाजला. मी खालीच होते. मावशींनी उचलला, प्रॅक्टिसचं नाव सांगितलं आणि एकदम उभ्या राहिल्या. पलीकडून एक म्हातारी बाई एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती. "फरहाद. फरहाद."

होल्डवर टाकलं तर तिकडे गाणं वाजतं. फोन कट झाला असं तिला वाटेल, म्हणून मावशींनी होल्डवर टाकलं नाही. त्या "येस, येस, फरहाद, येस" म्हणत बिनवायरचा हँडसेट कानाला धरून जिना चढल्या आणि दार न वाजवता त्याच्या खोलीत शिरल्या. तिथे कामाला लागल्यापासून त्यांनी असं कधी केलं नव्हतं. मी मागोमाग गेले. खुर्चीतल्या बाईंची रूट कॅनाल अर्धी झाली होती. फरहादचे दोन्ही हात ग्लव्ह्जमध्ये होते. मावशींनी त्याच्या मास्कची दोरी बाजूला करून हँडसेट त्याच्या कानाला लावला आणि तसाच धरून उभ्या राहिल्या.

तो फारसीत काहीतरी बोलत होता, रडत होता. खुर्चीतल्या बाईंच्या डोळ्यांतूनही पाणी येत होतं. त्यांना हलता येत नव्हतं.

मग लाइन गेली.

"बरी आहे," फरहाद म्हणाला. "शेजारीणही बरी आहे. दोन मिनिटंच मिळाली तिला. फोनला रांग आहे म्हणाली." त्याने बाहीने डोळे पुसले. "तुमच्याबद्दल मी तिला सगळं सांगायचो ना, रिबेका खानूम. तिनं आधी तेच विचारलं, त्या बाईंची बहीण कशी आहे? उत्तर द्यायच्या आत फोन गेला. उद्या परत करणार आहे. काय सांगू तिला?"

मावशींनी हँडसेट ॲप्रनला पुसला.

"सांग, बरी आहे," त्या म्हणाल्या. "आता जिना उतरावा लागत नाही म्हणावं."