कच्चा डाख

२००३च्या हिवाळ्यात, बातमी टाइप करायला मागून नेलेला गणपतरावांचा लॅपटॉप कळमनुरीच्या बसस्टँडवर माझ्या हातून पडला. तो बंद पडला. परत करताना मी पडल्याचं सांगितलं नाही.

काल मुलगी सुटे भाग जोडून हातात मावेल एवढा कॉम्प्युटर बनवत होती. सांधे जोडायचा डाख वितळला, राळेचा धूर आला आणि डोंगरकडा गावातलं गणपतरावांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आठवलं. भंगारातून आणलेला तो वजनदार लॅपटॉप त्यांनी वर्षभर खपून चालू केला होता. ते पाहूनच गावच्या शाळेने आपले बंद कॉम्प्युटर त्यांच्याकडे द्यायचं ठरवलं होतं.

“सकाळपासून चालूच होईना,” तो परत त्यांच्यापुढे ठेवत मी म्हणालो.

“पेपरवाल्याच्या हाती दिला, आता त्याचीबी बातमी व्हईल,” त्यांची बायको हसली.

गणपतरावांनी तो उघडून भिंगातून पाहिला. आतला एक सांधा सुटला होता.

“माझाच डाख कच्चा राहिला. तुमाला फुकट तकलीफ झाली.”

तेव्हा मला हायसं वाटलं. त्यांनी मागवलेला चहा मी घेतला.

दुसऱ्या दिवशी ते शाळेत गेले. “लेकरायच्या मशिनी हायेत. माझा हात आता बराबर न्हाई,” असं मुख्याध्यापकांना सांगून त्यांनी ते काम नाकारलं.