पट्टा नसलेलं मशीन

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी सुपारी कातरत बसतो. तसल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही... नव्हता म्हणा.

माझा भाचा सध्या परदेशात मुलांना फुकट कॉम्प्युटर शिकवतो. घरात केवढं कौतुक! सत्तरच्या दशकात मीही साताऱ्याहून तासगावला जाऊन मुलींना फुकट टायपिंग शिकवायचो. आईच्या लेखी तासगाव परदेशच होतं. माझा स्वतःचा स्पीड मिनिटाला चाळीस शब्द, आणि चुकाही साधारण तेवढ्याच.

इन्स्टिट्यूट अण्णांची. मुलींत कमल सगळ्यात हुशार. वडील मिलिटरीतून रिटायर. त्यांनी बजावलं होतं, "पास झालीस तर नोकरीचं बघू. न्हाईतर दिवाळीनंतर लगीन."

तेव्हा परीक्षेला मशीनं आपली आपण न्यावी लागत. टेम्पोत घालून ती सांगलीला सेंटरवर गेली. कमलची एसटी वाटेत पंक्चर झाली. ती घंटेला धावतच पोचली, बसली आणि सुरू झाली. मी खिडकीतून पाहिलं. तिच्यापुढे भंगारातलं मशीन! कागद घेऊन सरकते ती कॅरेज; ती ओढणारा पट्टाच तुटलेला. मीच तो काढून फेकला होता. त्यावर बटण दाबलं की अक्षरावर अक्षर बसून काळा डाग व्हायचा, बस्स.

"अण्णा, तिचं मशीन कुठाय?" शेजारीच उभ्या अण्णांना मी विचारलं.

"बागायतदाराच्या पोराला दिलं. तो फी भरतोय. फुकटातल्या पोरीला काय सोन्याचं देऊ व्हय?"

आज इतक्या वर्षांनीही हे लिहिताना कानशिलं तापतात. तेव्हा मी काय केलं? काही नाही. बाहेर उभा राहून दात खाल्ले. माझं शौर्य तेवढंच.

पण आत... कॅरेज सरकत होती! ओळ संपली की टिंग. पुन्हा टिंग. दहा मिनिटं.

परीक्षा सुटल्यावर मी स्वतः बटण दाबलं. कॅरेज ढिम्म. सांगलीच्या मेकॅनिकनं मशीन उघडलं. "पट्टाच न्हाई की! ह्याच्यावर पेपर दिला? चेष्टा करतोस व्हय रं?"

कमल पास झाली, आणि माझं डोकं खरं फिरलं ते तेव्हा. अण्णांनी त्याच मशीनला हळदकुंकू लावून इन्स्टिट्यूटच्या दारात मांडलं. लोक नारळ फोडायला लागले! तिचे वडील हात जोडून म्हणाले, "देवानं पास केलं. पोरीचं त्यात काय? नोकरीचं ऱ्हाऊ द्या आता."

म्हणजे वर्षभर बोटं झिजवली ती कुणी?

कमल लालबुंद झाली. "सर, दुसरं मशीन द्या. कुठलंबी." आणि नारळवाल्यांसमोर तिनं पानभर मजकूर खाडखाड उतरवला, कागद उपसून वडिलांपुढे धरला. "ह्यात देव कुठं हाय दावा, आबा."

आबांनी कागद घडी घालून खिशात ठेवला. मग म्हणाले, "मुलाखतीला कवा जायाचं?"

त्या दिवशी कॅरेज कुणी ओढली, मला माहीत नाही. अण्णांनी तर नक्कीच नाही. कमलला मी एकदा विचारलं, "तुला काहीच वेगळं जाणवलं नाही?"

तर माझ्यावरच उखडली. "मशीनकडं कशाला बघू? नजर कागदावरनं हलली तर पट्टी मारायचा की तुमी!"