खिडकीवरची गोधडी

समोरच्या मुक्ताच्या खिडकीला भर उन्हात गोधडी टांगलेली दिसली, की मी कुकर लावत नाही. ती घरीच गाणी रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकते. तिचा स्टुडिओ म्हणजे बाहेरचा आवाज अडवणारी ही गोधडी. मागे एकदा माझ्या कुकरची शिट्टी नेमकी तिच्या शेवटच्या ओळीवर वाजली. मी ओशाळले, तर म्हणाली, "असू द्या हो काकू, पुन्हा गाते." आणि पहिल्यापासून गायली, तितकाच जीव ओतून. मी आरतीसुद्धा दहाजण टाळ्या वाजवत असतील तरच मोकळ्या गळ्याने म्हणते. ही पोर मात्र मान डोलावणारं समोर कुणी नसताना, भिंतीकडे बघून गाते.

हल्ली आमचा भात उशिरा होतो. भूक लागली तरी हेच मला म्हणतात, "थांब, अजून गोधडी उतरली नाही."