डॉ. रामटेके यांचा पहिला प्रश्न

डॉ. शांताराम रामटेके यांची आणि माझी ओळख माझ्या टोपीमुळे झाली. भंडाऱ्याच्या त्यांच्या दवाखान्यात मी उन्हाचं निमित्त करून टोपी घालून बसलो होतो, आणि बाहेर आभाळ गच्च भरलेलं. ‘‘टोपी काढा,’’ ते म्हणाले. मग माझं डोकं दिव्याखाली धरून त्यांनी निकाल दिला, ‘‘धानाच्या बांधीत रोप जिवंत असलं तर पाणी देता येते. तुमच्या बांधीचा तर रस्ता झाला. औषध कायले वाया घालवता?’’ लोकांची टर उडवून पोट भरणाऱ्या माझी त्यांनी केस नसताना हजामत केली. तेव्हापासून मी त्यांचा भक्त आहे.

टकलावर या जिल्ह्यानं कांद्याच्या रसापासून काय काय चोपडलेलं नाही! डॉक्टरांचा उत्साह मात्र शास्त्राचा. पुरुषाच्या अंगातलंच संप्रेरक केसांची मुळं बारीक करत नेतं. त्याला मुळाशीच अडवणारं औषध आता थेट डोक्यावर लावता येतं, हे सांगताना साठीच्या या गृहस्थांचा आवाज पोरासारखा चढतो. पण भलतं आश्वासन ते देत नाहीत. ‘‘गळणं थांबलं तरी पेढे वाटा,’’ म्हणतात. लग्न जुळत नाही म्हणून रडकुंडीला आलेल्या तरुणांना ते कधी हसत नाहीत. त्या कामाला त्यांनी मला ठेवलं आहे.

एकदा मी चहाला बसलो असताना करडीचा नितेश तपासणीला आला. मोहाडीला नोकरी करणारा हा तरुण लग्नानंतरही केसांसाठी झुरत होता. आता कपाळाच्या वर कोवळी लव दिसत होती. डॉक्टर खुर्चीतून उठलेच. ‘‘वा रे बाबू! रोज लावतोस न?’’

‘‘मी कायले लावू, सर? बायको लावून देते. आमच्याकडं डोक्याची मालिश तिच्याच हातची. चांगली रगडून देते!’’

डॉक्टरांचा चेहरा उतरला. ‘‘तिले दिवस गेले आहेत का?’’

नितेश लाजला. ‘‘हो, सर. तुमाले कोनं सांगितलं?’’

हेच औषध कातडीतून गर्भवतीच्या अंगात भिनलं, तर पोटात मुलगा असल्यास त्याच्या लिंगाची वाढ बिघडण्याचा धोका असतो. डॉक्टरांनी तिथूनच फोन लावून त्या बाईंना हात साबणानं धुवायला सांगितलं, बाटलीला पुन्हा शिवायचं नाही म्हणून बजावलं आणि नितेशला गाडीत घालून करडी गाठली. मीही मागे बसलो. नितेशची आई सुनेवर तडकली, ‘‘तुले कोनं सांगितलं होतं हात लावाले?’’ डॉक्टर मधे पडले. ‘‘तिले काही म्हणू नका, माय. चूक माझी. औषध कसं लावायचं ते सांगितलं, कोण लावते ते विचारलंच नाही.’’ एवढ्या पदव्यांचा माणूस ओसरीवर उभा राहून हे बोलत होता.

त्यांनी सुनेला प्रसूतितज्ज्ञांकडे पाठवलं. तपासणीत काही वावगं दिसलं नाही. पण मुलगा की मुलगी हे विचारायची कायद्यानं सोय नाही, म्हणून घोर बाळंतपणापर्यंत टिकला. त्या दिवसापासून केसांच्या प्रत्येक रुग्णाला डॉक्टरांचा पहिला प्रश्न ठरला: ‘‘औषध लावून कोण देते?’’

मुलगाच झाला. आजीबाई त्याला घेऊन दवाखान्यात आल्या आणि भर गर्दीत दुपटं सोडून म्हणाल्या, ‘‘पाहून घ्या, सर, सगळं जिथल्या तिथं हाये!’’ बाळानं लगेच पुरावा दिला. धार थेट डॉक्टरांच्या पांढऱ्या शर्टावर. डॉक्टर ओल्या अंगानं लहान मुलासारखे टाळ्या वाजवू लागले आणि सगळा दवाखाना हसला. त्यांचे डोळे भरले होते, हे मी पाहिलं. थट्टा मात्र करता आली नाही.

डॉक्टरसाहेब, आपल्याला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. नवनवी औषधं येत राहोत, आणि या जिल्ह्यातली लेकरं आपल्या शर्टाची अशीच वाट लावत राहोत.